गोंदणातला विंचू

१

ज्या बाईला डॉक्टरनं जगायला तीन महिने दिले होते, तिच्या छातीचा फोटो चोरीला गेला. दागिना नाही, भांडंकुंडं नाही, धानाचं पोतंही नाही. एक्स-रेचा काळाकुट्ट फोटो! बोदलकसा गावच्या पारावर दोन दिवस हसायला एवढं पुष्कळ होतं.

जमुनाबाई हसल्या नाहीत. पंचवीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली होती, त्यातली तीन लढाईच्या काळात आसामच्या फौजी इस्पितळात. गाव त्यांना नरसबाई म्हणे. त्यांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक न धुतलेले हात, आणि दुसरी न तपासता ठोकून दिलेली वाक्यं. पहिल्यावर साबणाचा तरी इलाज होता.

"जुना फोटू सापडून नाई राहिला, नरसबाई," अंगणात उभी राहून शामकला म्हणाली. "डाक्टर म्हनते, दोन्ही पाठवले. घरचे म्हनतेत, एकच आला."

"अन् तू काय म्हनतेस?"

"मले कोन इचारते वं? मी तं तीन महिन्याची पाहुनी."

शामकला तिशीतली, टेकचंदची बायको. पुसात, म्हणजे पौष महिन्यात, खोकला हटेना म्हणून नागपूरला तिच्या छातीचा पहिला फोटो काढला. तो पाहून तिरोड्याच्या डॉक्टर नंदलालनं 'फुप्फुसाचा कॅन्सर' असा निकाल दिला. चैतात दुसरा फोटो झाला. तो पाहून डॉक्टर म्हणाला, "वाढलाय. तीन महिने." त्या दिवसापासून घर तिला सुतकातल्यासारखं वागवू लागलं. चार दिवसांवर अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. अक्तीला बंडी जुंपून तिला माहेरी पोचवायचं, चार वर्षांची लेक नंदा इथंच ठेवायची, आणि केशोरी गावची नवी नवरी घरात आणायची, असं ठरलं होतं. शामकलाला मरणाचं भय होतंच, पण रोज डोळ्यांतून पाणी काढत होती ती नंदा.

जमुनाबाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहायला मागितले, तेव्हा कुठं कळलं की जुना गायब आहे.

"हातात आहे तो तं दाव."

त्यांनी फोटो सूर्याकडे धरला. काळ्या फुप्फुसांच्या मधोमध, काळजाच्या दोन्ही अंगांना, मूठमूठभर शिंगाडे ठेवावेत तशा पांढुरक्या गाठी. उजवीकडे जेवढ्या, डावीकडेही जवळजवळ तेवढ्याच. गळ्याखालच्या हसळीच्या हाडाखाली बोटाच्या पेराएवढी एक ठळक पांढरी कांडी. आणि फोटोचा एक कोपरा तिरका कातरलेला.

"दोन्हीकडं? अन् सारख्याच?" जमुनाबाई पुटपुटल्या.

फोटो परत घ्यायला शामकलानं हात पुढं केला, आणि जमुनाबाईंनी तो मनगटापाशी घट्ट धरला. त्या हातावर लहानपणी गोंदलेला विंचू होता. गावातल्या निम्म्या बायकांच्या हातावर असतो तसाच.

फक्त हा विंचू कातडीतून वर आला होता.

२

गोंदण कातडीच्या आत असतं. हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही. या विंचवाची मात्र नांगी, पाय, सगळं दोऱ्याएवढं फुगून वर आलं होतं. आंधळ्यालासुद्धा बोटानं वाचता आलं असतं.

"हे कवापासून?"

"दिवाळीपासून. खोकला लागला तवाच. बाया म्हनतेत, विंचू जागा झाला. मी डाक्टरले दावलं. तो हासला. म्हने, गोंदारनीकडून पैसे वापस माग."

जमुनाबाईंनी तिला ओसरीवर बसवलं आणि एकेक प्रश्न विचारत गेल्या. घाई नाही. धान निवडावं तसं, खडा वेगळा, दाणा वेगळा.

खोकल्यातून रक्त? कधीच नाही. बांगड्या सैल झाल्या? नाही, आजही साबण लावल्याशिवाय निघत नाहीत. डोळे? थंडीत लाल झाले होते, उजेड सहन होत नव्हता. पाय? नडग्यांवर लाल, दुखऱ्या गुठळ्या आल्या होत्या, आपोआप गेल्या. टीबीची सुई?

"डाक्टरनं हातात मारलन. तिसऱ्या रोजी पाहिलन. काहीच नाई, हात सपाट."

जमुनाबाई मनात हिशेब मांडू लागल्या. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या श्वासात कधी ना कधी टीबीचे जंतू गेलेले असतात, म्हणून ती सुई मारली की तिथली कातडी फुगते. हिचं गोंदण, जे फुगू नये, ते फुगलं होतं. आणि सुईची जागा, जी फुगावी, ती सपाट राहिली होती. एवढं उलटंपालटं दिसूनही ज्याला प्रश्न पडत नाही, त्यानं डॉक्टरकी करावी की भाजीबाजारात वांगी चाचपावी?

त्यांना आसामातला एक गोरा सोजीर आठवला. दंडावर निळा नांगर गोंदलेला, आणि तो नांगर असाच फुगलेला. त्याच्या छातीचा फोटो पाहून तरणे डॉक्टर कॅन्सर कॅन्सर करत होते. म्हातारा फौजी डॉक्टर म्हणाला होता, "छातीतलं गुपित यानं दंडावर लिहून आणलंय. वाचा की जरा!" त्या रोगाचं नाव त्यानं सार्कॉइड सांगितलं होतं. शरीर स्वतःच आपल्या आत बारीक बारीक गाठी बांधतं. फुप्फुसाच्या मुळाशी, डोळ्यात, जुन्या जखमेच्या वणात, गोंदणाच्या शाईत. दिसायला भयंकर. पण कॅन्सर घर लुटून खातो, तसा हा खात नाही. पुष्कळांचा तर आपोआप ओसरतो.

"म्हंजे मी मरत नाई का, नरसबाई?"

"ते मले ठाऊक नाई," जमुनाबाई म्हणाल्या. खोटा धीर देणाऱ्यांचीही त्यांना चीडच होती. "दोन्हीकडं सारख्या गाठी दिसल्या म्हनून कॅन्सर नसतेच, असं नाई. गाठीचा तुकडा काढून काचेखाली पाहा लागते. मले ठाऊक नाई, पन ज्यानं तीन महिने सांगतलन, त्यालेबी ठाऊक नाई. फरक एवढाच, का मले हे ठाऊक आहे."

मग त्या उठल्या आणि पदर खोचला.

"फोटो कोन नेलन ते पाहू. जो फोटो लपवते, त्याले तुह्या छातीतलं माह्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

३

टेकचंदच्या अंगणात पळसाच्या पानांच्या पत्रावळी वाळत पडल्या होत्या. त्या पाहुण्यांसाठी नव्हत्या. सासू रुख्माबाईनं शामकलाची पितळी थाळी काढून घेतली होती आणि तिला पत्रावळीवर वाढायला सुरुवात केली होती. जेवण झालं की पान उकिरड्यावर.

"कॅन्सर उष्ट्यानं लागते, हे कोन सांगतलन तुले?" जमुनाबाईंनी विचारलं.

"सांगा कायले लागते? माहे डोरे फुटले का?" रुख्माबाई खेकसली. "अन् फोटू मी नाई फेकला. फेकतो म्हटलं असतं तं दोन्ही चुलीत घातले असते, एक कायले ठेवतो? एकच आला, तो आढ्याले टांगला."

हे जमुनाबाईंना पटलं. रुख्माबाईची अक्कल अर्धं काम करणारी नव्हती.

"सगरं इनंच केलन," म्हातारी सुनेकडे हात नाचवत पुढं म्हणाली. "महाराजाचा तांब्याचा ताईत होता गऱ्यात. लगनापासून काढला नव्हता. माघ पुनवेले बायांसंगं कचारगडले गेली अन् थ्या गुहेत वाहून आली! तवापासून मी बोंबलून राहिलो, का आता हे वाचत नाई."

टेकचंद दाराआड उभा होता. बोलावल्यावर बाहेर आला, नजर मात्र दाराआडच ठेवून.

"फोटू लपवून माहा काय फायदा, नरसबाई?"

"तुहा फायदा अक्तीनंतर केशोरीहून येऊन राहिला ना गा!"

"मायनं जमवलन ते," तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला.

"हो का? अन् तू काय, खुंट्याले बांधला होता?"

त्याला एवढंच सांगता आलं की पाकीट घेऊन डॉक्टरचा खुशाल नावाचा कंपाउंडर सायकलवर आला होता. जमुनाबाईंनी त्याला आणखी विचारलं नाही. ज्या माणसाला बायको जगते की मरते हे विचारायचं सुचलं नाही, त्याला फोटो बदलायचं काय सुचणार?

पण निघता निघता रुख्माबाईनं एक वाक्य मागून फेकलं.

"खुशालच्या घरी जाऊन पाय! त्याची बायको बिड्या वरते. पानं कायनं कापते, ते पाय!"

४

खुशालची बायको ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसली होती. तेंदूचं पान घ्यायचं, त्यावर फर्मा ठेवायचा, कैचीनं कडेनं कापायचं. फर्मा बहुतेकांकडे पत्र्याचा असतो. हिच्या हातातला काळा होता, चकचकीत होता, आणि वाकत होता.

एक्स-रेच्या फोटोतून कापलेला.

खुशाल घरातून बाहेर आला. जमुनाबाईंच्या हातात फर्मा पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"रद्दीतले हायेत, नरसबाई. जुने. लोकं नेत नाई मंग..."

सुपाखाली आणखी चार निघाले. जमुनाबाईंनी पाचही एकेक करून उजेडात धरले. एकात कोपर, दोहोंत गुडघा, एकात कोणाची तरी मोडकी करंगळी, एकात जबड्याचं हाड. छातीची फासळी एकातही नव्हती.

"वाचलास," त्या म्हणाल्या. "आता सांग. शामकलाचा चैतातला फोटो नागपूरहून आला, तवा काय झालं?"

खुशालनं बायकोकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. डॉक्टर त्याला चारचौघांत 'गधा' म्हणून हाक मारी. पंधरा वर्षांत त्याचं नाव त्यानं चारदा घेतलं नसेल.

"पाकीट लाखेनं बंद होतं. टेकचंदनं आनून देल्लं. साहेब पडद्यामागं गेले. मंग जुना फोटू मांगला, तो आमच्याच खनात होता. लय वेळ आतच होते. मंग..."

"मंग काय?"

"मंग कैची मांगली."

एवढं बोलून तो आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

जमुनाबाई तलावाच्या पाळीवरून घरी निघाल्या. ऊन रणरणत होतं. पाण्यात एक कोळी जाळं झटकत होता, आणि जाळ्याला बांधलेल्या शिशाच्या कांड्या उन्हात चमकत होत्या. बोटाच्या पेराएवढ्या कांड्या.

त्या जागच्या जागी थांबल्या. पूस. माघ. चैत. त्यांनी बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. मग स्वतःलाच एक शिवी हासडली. जे त्यांनी पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते डोक्यात शिरायला दोन दिवस लागले होते.

जुना फोटो चोरीला गेलाच नव्हता.

५

डॉक्टर नंदलालच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी बाजाराची गर्दी होती. जमुनाबाई शामकला आणि टेकचंदला घेऊन थेट टेबलापाशी गेल्या. मागं बाकावर वीसेक माणसं, आणि माणसांना फुकटचा तमाशा आवडतो.

"देखो बाई," डॉक्टर खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "बेडपॅन धुतले म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. कॅन्सर आहे. हे निदान मी नागपूरच्या आधी केलं. सगळ्या तिरोड्याला माहीत आहे."

"तिरोड्याले माहीत आहे, तीच तं भानगड आहे. हा फोटो कवाचा?"

"चैत्रातला. पाकिटावर तारीख आहे, वाचता येत असेल तर."

"पाकिटावर आहे. फोटोवर? नंबर असते तो कोपरा कुठं गेला?"

"फाटला असेल."

"हा फाटत नाई. कातरला जाते." जमुनाबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बाकावरच्यांनाही दिसेल असा. "अन् ही पांढरी कांडी?"

"बटन, नाहीतर पिन. तुला काय करायचंय?"

"तांब्याचा ताईत आहे हा. धातू फोटोत असाच पांढरा दिसते. शामकलाच्या गऱ्यात लगनापासून होता. माघ पुनवेले हे कचारगडच्या गुहेत वाहून आली. चार बाया संगं होत्या, अन् सासू तं रोज सकारी गावभर सांगते. मंग माघात गेलेला ताईत चैतातल्या फोटोत आला कसा, डाक्टर? चालत?"

बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर हसला नाही.

"हा पुसातला फोटो आहे," जमुनाबाई म्हणाल्या. शाळेत पाढा समजावून सांगावा इतक्या शांतपणे. "सगरे जुना फोटो धुंडून राहिले, अन् जुना तं आढ्याले टांगला होता. गेला तो नवा. कोन नेलन? रुख्माबाईनं असतं तं दोन्ही जारले असते. टेकचंदले नव्या-जुन्यातलं काही समजत नाई, फोटोतलं नाई अन् बायकोतलंबी नाई. खुशालनं नेला असता तं त्याचे फर्मे झाले असते, कोपरा कातरून दुसरा कायले भरते? नवा फोटो लाखबंद आला अन् तुमच्या पडद्यामागं उघडला. जुना तुमच्याच खनात होता. कैची तुम्हीच मांगली."

"आणि मी असं का करीन?" डॉक्टरचा आवाज चढला. "कारण सांग!"

"कारन नव्या फोटोत गाठी कमी झाल्या होत्या. अन् दवा नाई, सुई नाई, काही नाई, तरी कॅन्सर आपलाआपला ओसरला, असं होत नाई."

शामकलानं टेबलाची कड धरली.

"कुठाय तो फोटो?" डॉक्टर ओरडला. "आहे तुझ्याकडे? पुरावा दाखव!"

तेव्हा औषधांच्या कपाटामागून खुशाल पुढं आला. त्याच्या हातात एक काळा फोटो होता आणि त्याला टाचलेली एक चिठ्ठी.

"गधे, तुला मी तो सोड्यात धुऊन कोरा करून काचेऐवजी खिडकीला लावायला सांगितला होता!" डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं.

"सोडा संपला होता, साहेब," खुशाल म्हणाला. "चारदा सांगतलं, आना म्हनून. तुम्ही म्हनले, फालतू खर्च नाई पायजे."

बाकावरची माणसं आता उघड हसत होती. जमुनाबाईंनी फोटो उजेडात धरला. कोपरा शाबूत, नंबर शाबूत. हसळीखाली कांडी नव्हती. काळजाच्या दोन्ही अंगांचे शिंगाडे निम्म्यावर आले होते. चिठ्ठीत नागपूरच्या डॉक्टरनं दोनच ओळी लिहिल्या होत्या: छाया बऱ्याच कमी. निदानाचा फेरविचार व्हावा, गाठीचा तुकडा तपासावा.

"डॉक्टर मी आहे की तू?" नंदलाल पुटपुटला. त्या वाक्यात आता जीव उरला नव्हता.

"चुकलात, त्याचं काही नाई," जमुनाबाई म्हणाल्या. "हा रोग भल्याभल्यांले फसवते. पन तुम्ही चुकले नाई असं दिसावं, म्हनून ह्या बाईनं वेळेवर मरावं, असं तुम्हाले वाटलं. तुमच्यापेक्षा हा विंचू बरा. त्यानं खरं तं सांगतलन!"

त्यांनी शामकलाचा हात धरून तिला वळवलं.

"फोटो चोरता येते, डाक्टर. छाती चोरता येत नाई. शामकला उद्याच्या गाडीनं नागपूरले चालली."

६

अक्तीला बंडी जुंपली, पण ती माहेरी गेली नाही. शामकलानं नंदाला कडेवर घेतलं आणि तिरोड्याच्या स्टेशनाचा रस्ता धरला. रुख्माबाई नातीला ओढायला पुढं आली, तेव्हा जमुनाबाईंनी तिच्याकडे फक्त पाहिलं. तेवढं पुरलं.

नागपूरला विंचवाच्या नांगीचा एक कण आणि मानेतली एक गाठ काढली. काचेखाली कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, टीबीची सडही दिसली नाही. दिसले ते बारीक गाठींचे घट्ट झुबके. सार्कॉइडच होता. डोळ्यांचा त्रास होता म्हणून काही महिने गोळ्या दिल्या, दर महिन्याला बोलावलं, दर वेळी फोटो काढला. नंदलालनं दिलेले तीन महिने कधीच सरले. दसऱ्याच्या सुमारास तर शामकला जमुनाबाईंच्या शेताच्या बांधीत लवकर पिकणारं हलकं धान कापत होती, आणि नांगीवरचा एवढासा वण सोडला तर विंचू पुन्हा कातडीखाली सपाट निजला होता.

तिरोड्यात नंदलालचा दवाखाना चालूच राहिला. लोकांची आठवण गाढवाच्या शेपटीएवढी असते. पण बाकावर बसलेलं कोणी ना कोणी, डॉक्टर पडद्यामागं गेला की हळूच विचारी, "काऊन गा खुशाल, सोडा आहे का?"

केशोरीच्या मुलीच्या बापानं सगळं ऐकलं आणि सोयरीक मोडली. मग एके दुपारी टेकचंद जमुनाबाईंच्या अंगणात आला. बगलेत फडक्यात गुंडाळलेली पितळी थाळी होती.

नागपूरहून आल्यापासून इथंच राहणाऱ्या शामकला आणि नंदा ओसरीवर जेवत होत्या. भात, वरण, आणि पळसाच्या पत्रावळी.

"मायनं पाठवलन," तो थाळी पुढं करत म्हणाला. "तुहीच थाळी हाये. घासून चकचकीत केलन. म्हने, सुनेले घरी आन. मीबी म्हनतो. जे झालं ते झालं."

शामकलानं थाळीकडे पाहिलं. चकचकीत होती खरी. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, शांतपणे, बाजारात न घ्यायची वस्तू पाहावी तसं.

"राहू दे," ती म्हणाली. "मले आता पानाचीच सवय झाली. लय सोयीचं असते. काम झालं, का फेकून देता येते."

आणि तिनं नंदाच्या पानावर आणखी थोडं वरण वाढलं.